त्याला काय वाटलं, ते मी लिहिणार नाही

माझ्या कुबड्या बाकाला टेकवून ठेवल्या होत्या. त्या उचलून तो धावत सुटला.

धावत म्हणजे कसा? लंगडत, उड्या मारत, जीभ बाहेर काढून. मागून त्याच्या ऑफिसातली माणसं मोबाईल धरून. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट. शनिवारची सकाळ, ईस्ट कोस्टचा किनारा, सायकलवाल्यांची ये-जा. आणि मी बाकावर. उठता येईना. ओरडावं, तर तो माझ्याच कार्यक्रमाचा पाहुणा.

डाव्या पायाला माझ्या लहानपणापासून पोलिओ. कॅलिपर आणि दोन कुबड्या, त्यांच्याशिवाय एक पाऊल नाही. सिंगापूरला एका सेवाभावी संस्थेत मी मार्केटिंग बघते. अपंगांना नोकऱ्या मिळाव्यात, माणसांत जागा मिळावी, म्हणून ही संस्था. देणगी देणाऱ्या कंपन्यांसाठी आम्ही 'अनुभव दिवस' भरवतो. कंपनीची माणसं येतात. कुणी डोळ्यांवर पट्टी बांधतं, कुणी व्हीलचेअरमध्ये बसतं, कुणी कुबड्या घेतं. तासभर अपंग होतात. मग हात धुऊन जेवायला जातात.

तो परत आला तो घामाघूम. कुबड्या वाळूनं भरलेल्या. एकीच्या टोकाचं रबर गेलेलं.

मी इंग्रजीत म्हटलं, "या माझ्या आहेत."

त्यानं माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि चेहरा उजळला. "अरे, मराठी का तुम्ही? मी पुण्याचा. तुमच्या म्हणजे? खरंच लागतात तुम्हाला? मला वाटलं, कार्यक्रमासाठी ठेवलेल्या त्या ढिगातल्याच."

"रबर पडलंय एक."

"असेल इथंच कुठं." त्यानं वाळूकडे एकदा बघितलं. खिशातून शेंगदाणा पडला तर माणूस बघतो, तेवढंच. "पण काय दमायला होतं हो! हॅट्स ऑफ तुम्हाला." मग जरा थांबून, "आडनाव काय तुमचं?"

बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव होतं. मी आडनाव सांगितलं.

तो गप्प झाला. ती गप्प होण्याची तऱ्हा मी जालन्याला पाहिली, पुण्याच्या कॉलेजात पाहिली. समुद्र ओलांडून आले तरी तीच.

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे दोन्ही कोट्यांत बसता की तुम्ही! लकी आहात."

आणि हसला. मीही हसले. पाहुणा हसला की आपण हसायचं, आमच्या कामात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तो जेवायला गेला. मी बाकावरून उठले आणि वाळूत रबर शोधत बसले. सापडलं नाही.

वुडलँड्सला मी एक खोली भाड्यानं घेऊन राहते. ईस्ट कोस्टहून तिथवर जायचं म्हणजे अख्खं सिंगापूर ओलांडायचं. तशी इथं माझी कशाला अडचण नाही. लिफ्ट आहे, रॅम्प आहे, बससुद्धा माझ्यासाठी खाली झुकते. पण रबर नसलेली कुबडी गुळगुळीत फरशीवर घसरते. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनात मी भिंत धरून चालले. एका म्हाताऱ्या चिनी काकूनं हात पुढे केला. मी तो धरला. तेव्हा मात्र रडू आलं.

माझे बाबा जालन्याच्या एसटी डेपोत होते. कुबडीचं रबर झिजलं की ते जुन्या टायरचा तुकडा कापून बसवून द्यायचे. शाळेत खेळाच्या तासाला सर मला झाडाखाली बसवायचे, पुढ्यात सगळ्या वर्गाच्या चपला. "तेवढ्या राखायला तरी जमेल ना?" एकदा पोरांनी माझी कुबडी पळवून तिची बॅट केली. सर बघत होते. हसत होते. बाबा दुसऱ्या दिवशी डेपोच्या खाकी कपड्यांतच शाळेत आले. भांडले नाहीत. सरांसमोर मला एवढंच म्हणाले, "कुबडी कुणाच्या हातात द्यायची नाही. मागितली तरी नाही."

मी दिली नव्हती, बाबा. कुणी मागितलीच नव्हती.

सोमवारी आमच्या संचालकबाईंनी बोलावलं. बाई सिंगापूरच्याच, चिनी. मनानं चांगल्या. माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. त्या पुण्याच्या साहेबांचा कुबड्यांवरचा फोटो दाखवून म्हणाल्या, हाच आपल्या फेसबुकवर लावू या. याच्याखाली साहेबांच्या तोंडी दोन ओळी टाक.

हे माझं काम. पाहुण्याला आतून काय वाटलं, ते मी लिहिते. मजकूर त्याच्या ऑफिसला जातो, तिथून 'ओके' येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं मन हेलावलेलं असतं. किती साहेबांना मी असं हेलावून टाकलंय. त्यांचं त्यांना माहीत नसतं.

मी झालेलं सगळं सांगितलं. कुबड्या, रबर. आडनावाचंही सांगितलं, पण ते त्यांना कळेना. कसं समजावणार?

"ही डिडन्ट मीन इट, लाह," त्या इथल्या लकबीत म्हणाल्या. त्याच्या मनात तसं काही नव्हतं म्हणे. कंपनी पुढच्या वर्षीही येणार आहे, त्यांना दुखवून चालणार नाही. आणि मग अगदी काळजीनं, "तुझा वर्क पासही रिन्यूअलला आलाय ना?"

धमकी नव्हती ती. पण इथं माझं राहणं या नोकरीवर, आणि नोकरी त्यांच्या सहीवर. हे दोघींनाही ठाऊक होतं.

घरी फोन केला. आई म्हणाली, "दोन ओळी तर लिहायच्यात, बाई. टाक लिहून. एवढं शिकलीस, परत येऊन इथं काय करशील?" तिचं चूक नव्हतं. मलाही वाटलं, जाऊ दे. अंगात भांडायची ताकद राहिली नव्हती. किती वर्षं समजावून सांगायचं? आणि कुणाकुणाला?

लिहायला बसले. बोटांना सवय. आपोआप उमटलं, 'त्या एका तासानं माझे डोळे उघडले.'

मग फोटोकडे नीट बघितलं. पुढे तो, जीभ बाहेर, माझ्या कुबड्यांवर. मागे पुसटसा बाक. बाकावर मी. माझा एक हात बाजूला पसरलेला, जिथं कुबड्या होत्या तिथं चाचपडणारा. मी चाचपडले होते हे मला आठवतही नव्हतं.

अंगातून शिणवटा गेला नाही. पण त्याच्या तळाशी काहीतरी घट्ट झालं. या माणसाला काय वाटलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मजा वाटली. बाकीचं सगळं मी लिहिणार होते, आणि लोक ते खरं मानणार होते.

ओळ पुसली. बाईंच्या केबिनमध्ये गेले.

"त्यांना काय वाटलं, ते मी लिहिणार नाही. त्यांचं त्यांना लिहू द्या. आणि अनुभव दिवस यापुढे मी भरवणार नाही."

"मग त्यांना काय देणार आपण?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्याकडं मागू या. त्या निळ्या टी-शर्टांत एकही अपंग माणूस नव्हता. एकाला तरी नोकरीवर घ्या म्हणू या."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

फोटो लागला. ओळी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं लिहिल्या. साहेबांचे डोळे उघडले. खाली खूप बदाम आले. माझ्या पासचं अजून काही कळलेलं नाही. नाही झाला तर जालना. तिथंही कुबड्यांवरच चालायचंय, आणि तिथंही मी हेच बोलणार आहे.

तोवर पुढचा अनुभव दिवस आलाय. भरवतायत दुसरेच, मला नुसतं हजर राहायला सांगितलंय. जाणार आहे. त्याच बाकावर बसणार. कुबड्या मांडीवर आडव्या, दोन्ही मुठींत. कुणी हात घातला तर सगळ्यांसमोर सांगणार, हात काढ. तो थट्टेत हसला तर या वेळी मी हसणार नाही.

बिल्ला नवा करून घेतलाय. त्यावर माझं पूर्ण नाव आहे, आडनाव ठळक अक्षरात. विचारायचे कष्ट कुणाला पडायला नकोत.