वीरप्पा मिस्त्री काय म्हणाले होते

कुणाच्याही घरी कामाला गेले की वीरप्पा मिस्त्री आधी तांब्याभर पाणी मागायचे. ते प्यायला नसे. उंबऱ्याच्या आत उभं राहून ते पाणी हळूच जमिनीवर ओतायचे आणि ओघळ कुठं जातो ते गुडघ्यांवर हात टेकून बघत राहायचे. घरातल्या बायका नवीन असल्या तर चिडायच्या. मिस्त्री म्हणायचे, "रागावू नका, अक्का. माणूस घराचा उतार सांगत न्हाय. पाणी सांगतं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आमच्या मालकांच्या मोटारखान्यात पाणी सांडताना. लढाईचे दिवस होते, निजामाचं राज्य होतं. नळदुर्गात सिद्रामअप्पा म्हणून मोठे आडत व्यापारी होते, त्यांच्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो. वय चोवीस. डोक्याला तेल, गळ्यात रेशमी रुमाल, आणि गावात दुसरा ड्रायव्हर नाही याची पुरेपूर जाणीव. मिस्त्री पन्नाशीचे. कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर पेन्सिलीचा तुकडा, आणि अंगाला कायम बाभळीच्या भुश्याचा वास. आमचं घरही लिंगायतच, पण मराठी बोलणारं. कानडी मी बाजारात शिकलो. मिस्त्रींच्या घरात कानडी. माझ्याशी मात्र ते मराठीतच बोलायचे, आणि मला 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना तसं कधी काही म्हटलं नाही.

काम असं होतं. मोटारखाना म्हणजे पूर्वीचा घोड्यांचा तबेला. दार अरुंद आणि कोपऱ्यात. मोटार आत घातली की ती मागच्या कोठीच्या दारासमोर आडवी यायची. पेट्रोल परमिटावर, तेही महिनो न् महिने मिळत नसे, त्यामुळं मोटार सुरू करून हलवायची सोय नव्हती. कोठीतून करडईची पोती काढायची असली की सहा हमाल मोटारीला बाजूनं उचलून इंच इंच सरकवायचे आणि मला मनसोक्त शिव्या द्यायचे. मी सोलापूरच्या एका कारखान्यात पाहिलं होतं की मोटारीच्या प्रत्येक चाकाखाली लहान चाकांची एक बुटकी गाडी सारतात, मग मोटार हवी तशी आडवी-तिडवी फिरते. पण लढाईमुळं लोखंड मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरून आणणं म्हणजे जिवावर यायचं. मालक म्हणाले, "आपल्या वीरप्पाला सांगा. तो करंल."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "म्हंजे मोटारीला पाटावर बसवायचं म्हना की."

"व्हय."

"चार पाट. मग जेवायला काय वाढणार हाय तिला? पेट्रोल तर न्हाय."

तेव्हापासून त्या वस्तूंचं नावच 'पाट' पडलं.

पाट लाकडाचे करायचे हे ठरलेलं होतं. प्रश्न होता चाकांचा. मला वाटलं होतं दोन दिवसांत काम होईल. मिस्त्रींनी नुसती चाकं निवडायला आठवडा घेतला. एका फळीला आधी लहान लाकडी चाकं लावली, तिच्यावर करडईची दोन पोती ठेवली, पोत्यांवर मला बसवलं आणि ढकललं. शहाबादी फरशीच्या सांध्यात चाक अडकलं आणि मी तोंडावर पडलो. हमाल इतके हसले की एकाला ठसका लागला. मिस्त्री हसले नाहीत. सांध्याची रुंदी बोटानं मोजून म्हणाले, "चाक सांध्यापेक्षा लई मोठं पाहिजे. पन मोठं केलं तर मोटार उंच जाती, डुलती." मग जिनिंगच्या मोडक्या हातगाडीची लोखंडी चाकं आणली. ती सुसाट पळाली. मी खूश होऊन ओरडलो, "हेच! हेच घ्या मिस्त्री!"

"हे पळतंय, तम्मा."

"मग पळायलाच पाहिजे न्हवं?"

त्यांनी चाक उलटं करून फिरवलं आणि तळव्यानं थांबवलं. "पळनारं कुनीबी देईल. चाक निवडायचं ते थांबन्यावरनं. ह्याला थांबायचं म्हाईत न्हाय."

शेवटी त्याच चाकांवर त्यांनी जुन्या टायरच्या पट्ट्या ताणून बसवल्या. चाकं चहूकडं फिरतील अशी खिट्टीवर घेतली. पाटाला मधोमध खोलगट केलं, म्हणजे मोटारीचं चाक त्यात कुशीत बसल्यासारखं बसावं. आणि बाभळीच्या चार पाचरा केल्या. त्या पाचरांवर त्यांनी पाटांपेक्षा जास्त वेळ घालवला असेल.

कारण पाण्यानं त्यांना सांगितलं होतं. तबेल्याची जमीन दारापासून आत, मागच्या दगडी गव्हाणीकडं उतरती होती. घोड्यांचं मूत वाहून जावं म्हणून केलेली. डोळ्यांना दिसत नव्हती, पण पाणी सरळ गव्हाणीला जाऊन भिडलं होतं. म्हणून त्यांनी नियम घातला: दाराच्या बाजूनं दोघांनी मोटार धरायची, मिस्त्रींनी किंवा दुसऱ्या कुणी खालच्या बाजूनं पाचर लावायची, आणि पाचर बसली की लावणाऱ्यानं 'झालं' म्हणायचं. त्याच्याआधी हात काढायचा नाही.

'सोड' हा शब्द त्यांनी मोटारखान्यात बंद केला होता. मी एकदा सवयीनं हमालाला "सोड रे" म्हणालो तर हातातली रंधी ठेवून ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "सोड म्हटलं की मानूस आधी सोडतो, मग बघतो. झालं म्हटलं की आधी बघतो. वजनाच्या कामात 'सोड' म्हनायचं न्हाय. मराठीत न्हाय, कानडीत न्हाय, मुसलमानीत न्हाय."

पाट फार चांगले झाले. दोन माणसं मोटारीला कोपऱ्यातून काढून, वळवून, भिंतीला लावायची. आसपासच्या गावांचे लोक बघायला येत. मालक ज्याला त्याला सांगत. तहसिलीतल्या एका पेशकारसाहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांच्याकडंही मोटार होती, त्यांनाही तीच अडचण. एका दुपारी ते बघायला येणार असा निरोप आला.

आता मला सावकाश लिहिलं पाहिजे.

मी त्या दिवशी दोन्ही हमालांना बाहेर काढलं. मोटार एक माणूस हलवतो हे साहेबांना दाखवायचं होतं, आणि तो एक माणूस मी असायला हवा होतो. मिस्त्री म्हणाले, "तम्मा, दोघं ठेव."

मी म्हणालो, "तुमच्याच चाकांवर तुमचा भरवसा न्हाय व्हय, मिस्त्री?"

ते हसले. "चाकांवर हाय. उतारावर न्हाय."

तरी ते माझ्या मनासारखं करायला तयार झाले. साहेब येण्याआधी एकदा करून बघू म्हणाले. मी दाराच्या बाजूला, दाराकडं पाठ करून, दोन्ही हातांनी बंपर धरून होतो. मिस्त्री खालच्या बाजूला, मोटार आणि गव्हाण यांच्यामध्ये, पाचर घेऊन उकिडवे बसले होते. मला त्यांचं पागोटं तेवढं दिसत होतं.

मागून मालकांचा आवाज आला, "या साहेब, या." पेशकारसाहेब वेळेआधीच दारात उभे होते. त्या दिवसांत हुद्देदार आला आणि सलाम केला नाही असं होत नसे. डाव्या हातानं सलाम करत नाहीत. मी वळलो, आणि उजवा हात उचलून वाकून सलाम केला.

डावा हात बंपरवर होता. तो पुरला नाही.

पाट आवाज न करता सरकले. रबर लावलेलं होतं ना. मिस्त्रींनी कधी नव्हे ते कानडीत हाक मारली. एकच शब्द. मग गव्हाणीच्या दगडावर मोटार आदळल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात तो शब्द अर्धा राहिला, असं बाहेरच्या हमालांना वाटलं.

आम्ही मोटार ओढून काढली. मी पाचर लावली. तेव्हा लावली. मिस्त्री गव्हाणीला टेकून बसल्यासारखे होते, छाती आत गेलेली. मी जवळ गेलो तर ओठ हलले. "पाचर?"

"बसली, मिस्त्री."

"झालं," ते म्हणाले. ते त्यांचं शेवटचं बोलणं. दिवस मावळायच्या आत ते गेले. मोटार तिथंच उभी होती, टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. सोलापूरच्या दवाखान्यासाठी जुंपलेली बैलगाडी तशीच सोडून द्यावी लागली.

चौकशी तिथंच, ओसरीवर झाली. पेशकारसाहेबांना कानडी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "मिस्त्री चिल्लाया क्या था?" हमाल म्हणाले, 'बिड' का काहीतरी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "बिडु म्हणाले, साहेब. बिडु म्हणजे छोड दो." ते कागदावर उतरलं. कुणाचाच दोष निघाला नाही. मिस्त्रींनी स्वतःच सोडायला सांगितलं होतं. मालक साहेबांच्या मागं उभे होते, त्यांना कानडी चांगलं येत होतं. त्यांनी काय ऐकलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

आमच्यात बसवून माती देतात. मिस्त्रींची छाती मोडलेली, ते बसेनात, एका बाजूला कलत होते. म्हणून मी खड्ड्यात उतरून त्यांना मागून धरलं. विभूती घातली, बेल घातला, माती सारायला सुरुवात झाली, तरी माझे हात निघेनात. वरून त्यांचा चुलतभाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "बिडु, तम्मा. बिडु." त्याला काही माहीत नव्हतं. तो मला सावरायला म्हणाला.

महिन्याभरानं त्यांची बायको, चन्नम्माक्का, हत्यारं न्यायला मोटारखान्यात आली. सोबत आठ वर्षांची गिरिजा. हत्यारं फडक्यात बांधून झाल्यावर चन्नम्माक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "तम्मा, ही पोर आडावरनं घागर काढताना कासऱ्याला धरून असती. तिलासुदिक ते कधी बिडु म्हनाले न्हाईत. मोटारीपाशी कसं म्हनाले?"

मी मान खाली घातली. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढं बाजारात भेटली की माझ्या आईची चौकशी करायची.

गावानं मात्र तो शब्द उचलला. कुणाच्या हातून कपबशी पडली, कुणाचं जनावर सुटलं, की लोक म्हणायचे, "बिडु झालं!" मिस्त्रींचं नाव 'बिडु मिस्त्री' पडलं. ज्या माणसानं तो शब्द आयुष्यात कामावर उच्चारला नाही, त्याचं ते नाव. त्यांच्या पुतण्याला सुतारकाम मिळेना. लोक हसत विचारायचे, "मधेच सोडनार न्हाईस न्हवं?" तो भूमकडं निघून गेला. गिरिजाच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्याच्या हातून एक टोक निसटलं आणि वऱ्हाडातून कुणीतरी ते दोन शब्द म्हणालं. मांडव हसला. मीही मांडवात होतो. मला तिचा चेहरा अजून दिसतो.

निजामाचं राज्य गेलं, मी पुढं एसटीत लागलो, धाराशिव डेपोत निवृत्त झालो. गाडी कुठंही उभी केली, सपाटावरसुद्धा, तरी मी स्वतः उतरून चाकाखाली दगड लावायचो. कंडक्टर थट्टा करायचे. सगळे मला फार सावध ड्रायव्हर समजत.

इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो: गडबडीत मला शब्दाचा पहिला भागच ऐकू आला, म्हणून हात सुटला. हेही खोटं आहे. हात आधी सुटला होता. शब्द नंतर आला. आणि तो मला पूर्ण ऐकू आला होता.

गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन मी नळदुर्गला गेलो. गिरिजा आता म्हातारी आहे. तिला सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला नाही, ओरडली नाही. दाराबाहेर बघत बसली. रस्त्यावर कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं असावं; एक पोरगी खिदळून म्हणाली, "बिडु झालं!" त्या पोरीला त्याचा अर्थही माहीत नसणार.

गिरिजा म्हणाली, "आईनं लई वाट बघितली, काका. तुमी याल म्हनून. जाताना म्हनाली, तम्मा येनार न्हाय आता." मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हुतं. ज्यांनी नाव ठिवलं त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. ज्यांनी नाव ठेवलं ते बहुतेक गेले, पण शब्द गावात आहे. त्यांच्या मुला-नातवांनी हे वाचावं. वीरप्पा मिस्त्रींचे पाट चांगले होते, चाकं चांगली होती, पाचर त्यांच्या हातात तयार होती. ते 'बिडु' म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, 'बिडब्याड'. म्हणजे, सोडू नकोस.

सोडलं मी.