ग्लेनक्रीच्या जर्मन दफनभूमीत

आयर्लंडमध्ये किलकेनीला लेकीकडे येऊन बरेच दिवस झाले होते. किल्ला पाहून झाला, नदीकाठ पायाखालचा झाला. मुग्धा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिला रविवारची सुट्टी मिळाली तेव्हा मी म्हटलं, "विकलोच्या डोंगरात जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे म्हणतात, तिथे जाऊ या."

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये विणकाम शिकवायला एक जर्मन सिस्टर होत्या. दर नोव्हेंबरला त्या युद्धातून न परतलेल्या भावासाठी मेणबत्ती लावायच्या, आणि आम्ही मुली गप्प उभ्या राहायचो. एवढंच माझं निमित्त.

"माणसं सुट्टीत समुद्र बघतात," वसंतराव, म्हणजे माझे यजमान, म्हणाले. "ही बाई स्मशान बघणार. तेही त्यांचं."

त्यांच्या रागाला कारण होतं. त्यांचे धाकटे चुलते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढायला गेले, जर्मनांविरुद्ध, आणि बेपत्ता झाले. तार आली, देह नाही. सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, "तो गेला हे पाहिलंय कोणी?" त्यामुळे साताऱ्याच्या घरी म्हाळाला त्यांच्या नावाने ना कधी पाणी सोडलं, ना पान वाढलं. सासऱ्यांनंतर वसंतरावांनीही तेच चालू ठेवलं.

"बाबा, तुम्ही गाडीतच बसा," मुग्धा म्हणाली. "थर्मास देते."

किलकेनीहून गाडीने दोनेक तास लागतात. बस एन्निस्केरी गावापर्यंतच जाते, म्हणून गाडी हवीच. पुढचा रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी मागे जायचं. आम्ही गेलो. ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. इथे आभार असेच मानतात. दोन्हीकडे पिवळी काटेरी झुडपं फुललेली, मधूनच कोकरं.

जुन्या बराकींच्या खाली, दगडाच्या खाणीत ही दफनभूमी आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. शेजारून ओढा वाहतो, त्याचाच काय तो आवाज. इथे शंभराहून अधिक जण आहेत: कोसळलेल्या विमानांतले वैमानिक, लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले खलाशी. आधी जिथे सापडले तिथे पुरले होते, मग सगळ्यांना इथे आणलं. ज्या राजवटीसाठी ते लढले ती क्रूर होती, हे मी विसरले नव्हते. पण दगडावरची वयं वाचताना माझा हात आपोआप क्रूसाची खूण करू लागला. शाळेची सवय.

गमबूट घातलेल्या एक आयरिश बाई दगडांवरचं शेवाळ काढत होत्या. "जर्मनीत कुणी आहे का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. आम्ही भारतातले. तुमचं?"

"छे. मी वरच्या अंगाला राहते. येते अधूनमधून." त्यांनी हात पुसले. "ग्रँड आहेत पोरं. कसला त्रास नाही." ग्रँड म्हणजे इथे मजेत.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि वसंतराव छत्री घेऊन उतरले. "भिजशील," एवढंच म्हणाले. मग माझ्या पायाजवळचा दगड पाहून विचारलं, "काय लिहिलंय?"

"एक जर्मन सैनिक."

"आणि नाव?"

"माहीत नसेल कुणाला."

छत्री माझ्या हातात देऊन ते दगडाजवळ वाकले. मग त्या बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "दक्षिण कुठे आहे?"

बाईंना नवल वाटलं असणार, पण हातातल्या ब्रशाने त्यांनी डोंगर दाखवला. "सॅली गॅपचा रस्ता वर जातो ना, तिकडे."

वसंतराव ओढ्याकाठी बसले. ओंजळ भरली आणि दक्षिणेकडे तोंड करून अंगठ्यावरून पाणी सोडलं. ओठ हलले तेव्हा मला चुलत्यांचं नाव ऐकू आलं. मग आणखी एक ओंजळ सोडली, तिला नाव नव्हतं. मुग्धा माझा हात धरून उभी होती. त्या बाई ब्रश खाली ठेवून मान झुकवून थांबल्या.

शेजारी बराकींत शांततेसाठी काम करणारं एक केंद्र आहे, तिथे खाण्याची सोय आहे. उघडं असल्याची खात्री करून जा. सूप आणि ब्राऊन ब्रेड मिळून दहा युरोंच्या आसपास. आम्ही मायलेकींनी खाल्लं. वसंतराव आंघोळीशिवाय खाणार नव्हते. किलकेनीपर्यंत उपाशी आले, सगळी वाट चुलत्यांबद्दल सांगत. ते सगळं त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं, आणि मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्याला आता चार महिने झाले. पुण्याला परतलो, पितृपक्ष आला, साताऱ्याला गेलो. या वर्षी एक पान जास्त मांडलं. डाळ-भात, वडे, खीर, अळूची भाजी वाढली आणि माझा हात थांबला. चुलत्यांना काय आवडायचं हे सांगणारं आता कुणीच राहिलेलं नाही.

मी वसंतरावांना विचारलं. त्यांनी जरा विचार केला.

"विशीतला पोरगा होता," ते म्हणाले. "सगळंच जरा जास्त वाढ."