आठवं प्रकरण कुठे ठेवायचं

गेल्या वर्षीचा जवळजवळ सगळा हिवाळा माझ्या फोनवर तीन टॅब उघडे होते आणि मी त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. कामावर सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचे, जेवणाच्या सुट्टीत लंडनजवळच्या मेडनहेडच्या स्टेशनमागच्या रस्त्यावर चालत राहायचे, आणि चालता चालता एका टॅबवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. लिहून झालेली एक गोष्ट माझ्याकडे होती. ती कुठे टाकायची हे ठरत नव्हतं.

गोष्ट तशी माझी एकटीची नव्हती. टीव्हीवर हॉस्पिटलची एक मालिका लागते, वर्षानुवर्षं चाललेली. तिच्यात एक भारतीय नर्स आहे. दर भागात तिला दोन-तीन वाक्यं असतात: "ब्लड प्रेशर खाली येतंय, डॉक्टर." तिला घर नाही, आई नाही, आडनाव नाही. मी तिला हे सगळं दिलं आणि मराठीत दिलं. दुसऱ्याची पात्रं घेऊन अशा गोष्टी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना चाहते म्हणतात. मी त्या मालिकेची चाहती कमी आणि तक्रारदार जास्त होते.

मराठीत का, असं लोक विचारतात. मी कार्डिफमध्ये वाढले, शाळा इंग्रजी. मराठी वाचायला शिकले ती बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवरून. बाबा हॉस्पिटलच्या लॅबमधून घरी आले की जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे पसरायचे. मी आधी घड्या घालायला शिकले, मग त्यावरची अक्षरं लावायला. 'समता' हा शब्द मला 'सफरचंद'च्या आधी वाचता यायला लागला. चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही गाडी भरून लंडनला जायचो आणि ते शिकताना राहिले होते त्या कॅमडेनमधल्या घराबाहेर उभं राहून पत्रकं वाटायचो. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांची एक ओळ ठरलेली असे: 'वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.' फेकलेलं पत्रक दिसलं तर उचलून, पुसून, पुन्हा वाटायचं, हे माझं काम.

त्यामुळे माझं मराठी जरा सभेतलं आहे. माझी मैत्रीण, कार्डिफचीच, इथेच जन्मलेली, तिने पहिली दोन प्रकरणं वाचून फोन केला.

"अगं, तुझा नर्स ना, माईक घेऊन बोलते."

"तुझी नर्स."

"हो तेच. नॉर्मल माणूस चहा मागतो. ही डिमांड करते. 'आम्हाला चहा मिळालाच पाहिजे!'"

मी हसले आणि नर्सची बरीच वाक्यं कापली. पण आठव्या प्रकरणाला हात लावला नाही. सगळी गोष्ट मी त्या प्रकरणासाठीच लिहिली होती, आणि ते घडलेलं होतं.

मी सात वर्षांची असताना आईला एका मराठी मंडळाच्या गणपतीला बोलावलं होतं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. आई नर्स, उभं राहून काम करायची सवय, त्यामुळे ती आपणहून मसालेभात वाढायला उभी राहिली. एका डॉक्टरांच्या बायकोने गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय तुमचं?" आईने सांगितलं. "म्हणजे मूळचे कुठले?" आईने तेही सांगितलं. बाईंनी आईच्या हातातला डाव घ्यायला हात पुढे केला. "अहो, तुम्ही बसा ना. आम्ही वाढतो." हॉलमधल्या तिघी-चौघींना त्या 'बसा ना'चा अर्थ बरोबर कळला होता. आईलाही. तिने डाव सोडला नाही. म्हणाली, "मला उभं राहून वाढायला आवडतं. ताट पुढे करा." आणि शेवटच्या माणसापर्यंत वाढलं. काहींनी ताट पुढे केलं, काहींना अचानक भूक नव्हती.

आईने हे घराबाहेर कधी कुणाला सांगितलं नाही. मी ते नर्सला दिलं, आईच्या माहेरच्या आडनावासकट.

तर तीन टॅब. पहिला म्हणजे मैत्रिणीचा बंद गट. अकरा जणी, सगळ्या इथल्या, कुणी वाईट बोलणार नाही. "इथे टाक, सेफ आहे," ती म्हणाली. पण त्या अकरा जणींना आठव्या प्रकरणातलं सगळं आधीच मान्य होतं. आपल्याच माणसांना पत्रक वाटून घरी यायचं असेल तर घड्या कशाला घालायच्या?

दुसरा म्हणजे मराठी कथांचं एक ॲप. तिथे वाचक होते, गावोगावचे. मधे मधे जाहिराती, स्पर्धा, 'वाचकांची लाडकी लेखिका' असले बिल्ले. मला त्या बिल्ल्यांची चीड होती. तिसरा म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी चालवलेला मोठा संग्रह. स्वयंसेवक सांभाळतात, जाहिरात नाही, अवघड लिहिलं म्हणून कुणी काढत नाही. मला हवं ते सगळं तिथे होतं, वाचक सोडून. मराठी गोष्टी शोधल्या तर बोटावर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि त्यांच्याखालच्या कमेंट्स जुन्या होत्या.

तत्त्वाने तिसरा टॅब निवडायला हवा होता. मी ॲप निवडलं. लोकांपर्यंत जायचं तर लोक आहेत तिथे जायला हवं, असं स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर मला कुणीतरी वाचायला हवं होतं.

आणि वाचलं. दर बुधवारी एक प्रकरण. सांगलीची एक नर्स चहाच्या सुट्टीत वाचायची आणि लिहायची, "ताई, आमच्या वॉर्डातही अस्संच." दुसरी म्हणायची, "हिचं लग्न लावू नका हो एवढ्यात." मीटिंग चालू असताना टेबलाखाली मी त्या कमेंट्स वाचायचे.  प्रत्येक प्रकरणाखाली मी सवयीने लिहायचे: 'वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.'

आठवं प्रकरण टाकलं आणि दोन तासांत ते दिसेनासं झालं. ॲपच्या संपादकांचा मेसेज आला. "ताई, तुमचं लेखन फार सुंदर आहे. फक्त या भागात आडनाव आणि त्याविषयीचा प्रसंग आहे, त्यामुळे वाचकांमध्ये तेढ निर्माण होऊ शकते. आडनाव काढलंत तरी कथेला काही फरक पडत नाही."

मी लिहिलं, "फरक पडत नसेल तर राहू द्या."

"ताई, समजून घ्या. आम्हाला सर्व प्रकारचे वाचक आहेत."

"मलाही. त्यांच्यातल्या काहींना डाव खाली ठेवायला सांगितलं गेलंय."

 इथे मी गोष्ट उचलून निघून जायला हवं होतं. पण सांगलीची नर्स विचारत होती, "या बुधवारी नाही का?" तिला काय सांगणार? मी पहिली सात प्रकरणं ॲपवर राहू दिली आणि आठवं, सुटं, मागेल तिला ॲपच्याच मेसेजमधून पाठवायला लागले. नाव नाही, आधीचं-नंतरचं काही नाही, नुसता मजकूर. तळाशी ती ओळ होतीच. मला वाटलं मी फार हुशारी केली. छापायला नकार दिला तर हाताने वाटू! घरच्या शिकवणीप्रमाणे वागल्याचा अभिमानही वाटला.

तीन आठवड्यांनी शनिवारी कार्डिफला गेले. आई रात्रपाळी संपवून, झोपून उठली होती. दुपारचं जेवण झालेलं. बाबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कसल्यातरी मजकुराचं प्रूफ तपासत होते. आई चष्मा लावून फोन बघत होती.

"हे ऐक गं," ती म्हणाली. "आमच्या नर्सेसच्या ग्रुपवर आलंय. कुणी लिहिलंय कुणास ठाऊक."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यात शाळेचा हॉल आला.  शब्द माझे होते. पण आडनाव विचारलं जातं तिथे नर्स नुसतं 'मी मूळची खेड्यातली' म्हणत होती. पुढे ती डाव ठेवून कोपऱ्यात बसत होती, तिचे डोळे भरून येत होते, आणि मग त्या डॉक्टरांच्या बायकोलाच पाझर फुटून ती नर्सला मिठी मारत होती. शेवटी हात जोडलेली दोन चित्रं आणि 'परदेशात आपण सगळे मराठी एकच!' त्याच्या खाली, तशीच्या तशी, 'वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.'

आई थांबली. चष्मा काढला.

"ही बसली का पण?"

तिने बोटाने मजकूर पुन्हा वर सरकवला.

"मसालेभात. शाळेचा हॉल. हे तू लिहिलंस?"

"आई, मी असं नव्हतं लिहिलं. माझ्यात ती बसत नाही. कुणीतरी बदललंय."

"ह्यावर सकाळपासून ग्रुपवर नऊ जणींनी लाल बदाम टाकलेत," आई म्हणाली. "छान छान म्हणून. आणि मीही वाचताना म्हटलं, बिचारी."

बाबांनी प्रुफातून मान वर काढली. "एकदा वाटलं की पत्रक आपलं राहत नाही. त्याला इलाज नाही."

"अहो, तुमच्या पत्रकात तुम्ही असता का? तुमचे मुद्दे असतात," आई म्हणाली. "ह्यात मी होते. मी उभी होते. मला बसवलं ह्यांनी."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. 

मी माझ्या फोनवर अख्खं आठवं प्रकरण तिला दाखवलं. तिने सावकाश वाचलं. शेवटाला आली तेव्हा म्हणाली, "हं. हे असंच." मग लगेच, "हे ठेवलंयस कुठे?"

"कुठेच नाही."

"म्हणजे ते रडकं आहे तेवढंच बाहेर आहे?"

तसंच होतं. तिने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी तिथेच टेबलावर ॲप उघडलं आणि सातही प्रकरणं काढली. त्यांच्याखालच्या सगळ्या कमेंट्सही गेल्या. सांगलीच्या नर्सला त्या मोठ्या संग्रहाचा पत्ता कळवायचा दोनदा प्रयत्न केला. बाहेरची लिंक ॲप पाठवू देत नव्हतं. कुठे शोधायचं ते शब्दांत सांगितलं, पण ती तिथे पोचली का हे मला आजही माहीत नाही.

मग तिसरा टॅब. मोठ्या संग्रहावर गोष्ट टाकताना आत काय आहे याचे इशारे निवडायचे असतात. मारामारीसाठी होता, मृत्यूसाठी होता. आडनाव विचारण्यासाठी नव्हता. मी स्वतः लिहिला. सगळी आठ प्रकरणं एका पत्त्यावर, क्रमाने, म्हणजे कुणी दुसरी आवृत्ती फिरवली तरी मूळ बघायला मिळेल. तळाच्या ओळीत मी एवढंच ठेवलं की पुढे द्यायचं तर हा पत्ता द्या.

आईने फोन पुढे केला. "मला पण खातं काढून दे. मला खाली लिहायचंय."

"नाव काय लावू?"

"माझं."

"आई, इथे कुणी खरं नाव लावत नाही. टोपणनाव घ्यायचं असतं."

"का? मी काय चोरी केलीय?"

"तसं नाही. मंडळातले लोक आहेत, हॉस्पिटलमधले आहेत. सगळ्यांना कळेल."

"कळू दे की. तू काय लावलंयस?"

मी सांगितलं. एका पक्ष्याचं नाव आणि पुढे एक आकडा.  ती चिडली नाही. "तुझं तू बघ," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव टाईप केलं, मग आडनाव, सासरचं आणि माहेरचं दोन्ही. त्याखाली दोन ओळी: 'ही नर्स मी. त्या दिवशी मी बसले नाही, आणि भात सगळ्यांना पुरला.'

लेखकाला तिथे कुणाचीही कमेंट काढता येते. ते बटण मला दिसत होतं. मी ते दाबलं नाही. पण संध्याकाळी परतताना, रेडिंगला गाडी बदलून मेडनहेड येईपर्यंत, मी ते पान उघडत होते आणि मिटत होते. खाली कुणी काही लिहिलंय का ते बघत होते. आणि वर, जिथे लेखिकेचं नाव असतं, तिथे त्या पक्ष्याच्या नावावर बोट ठेवून बसले होते.