उपरण्याखाली ठरलेलं पोरगं

आमच्या धाकट्याला मुंबईच्या फुटबॉल क्लबनं कसं नेलं, हे लोक मला अजून विचारतात. मी सांगायला लागले की आमचे मालक उठून गोठ्याकडं जातात. गोठ्यात आता बैल नाही, तरी जातात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं गाव डिंभ्याच्या धरणाच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी हटलं की जी जमीन उघडी पडायची, तेच पोरांचं मैदान. शाळेत कोल्हापूरचे एक सर बदलून आले होते. कोल्हापूरचा माणूस, फुटबॉलशिवाय घास गोड लागायचा नाही. पोरांना नाद लावला तो त्यांनीच. मैदान पाण्याकडं उतरतं, म्हणून नियम असा, की ज्याच्या पायातनं चेंडू सुटून धरणात जाईल त्यानं पोहत जाऊन आणायचा. आमच्या धाकट्याला गार पाण्याचा लई कंटाळा. आंघोळीला सुद्धा मी त्याच्या मागं काठी घेऊन पळायची. त्यामुळं त्याच्या पायातनं चेंडू सुटायचाच नाही. पुण्याला शाळांच्या सामन्यात त्या क्लबचा माणूस हेच बघून खूश झाला. "ह्याच्या पायाला चेंडू चिकटतो कसा हो?" त्यानं सरांना विचारलं. सर म्हणाले, "सराव." आंघोळीचं कुठं सांगत बसायचं!

क्लब पोरांना वसतिगृहात ठेवायचा, शाळा आणि खेळ दोन्ही बघायचा. फक्त आईबापांचा होकार पाहिजे. तो घ्यायला क्लबचे ते साहेब घरी येणार, असा निरोप आला आणि धाकटा माझ्या मागं लागला. "आई, आबा हो म्हणतील ना गं?" दिवसातनं दहा वेळा तेच.

आबा हो म्हणणार नव्हते. आमच्या मालकांना बैलगाड्याचा नाद. जत्रेत शर्यतीच्या घाटावर, त्या चढाच्या धावेवर, गाडा पळवायचा आणि वर्षभर त्याच्यावर बोलायचं, हा त्यांचा संसार. आणि आमची बैलं अशी लाडावलेली, की धाकट्यानं हात लावल्याशिवाय जू मानेवर घ्यायची नाहीत. "पोरगं गेलं तर गाडा काय तू जुपणार?" मला म्हणाले. मी म्हटलं, "जुपीन की. तुम्हाला जुपलंच आहे इतकी वर्षं."

साहेब सरांबरोबर सकाळच्या एसटीनं आले. पोहे झाले, चहा झाला. मग साहेबांनी धाकट्याला अंगणात उभा केला. गुडघे बघितले, घोटे दाबले, चालायला लावला, पळायला लावला. मालक ओसरीवर तंबाखू मळत तोंड फिरवून बसले होते, ते हळूहळू सरळ झाले.

"आईची उंची बघतो जरा," साहेब म्हणाले, आणि मला दाराच्या चौकटीला उभी केली. "पोरगा किती वाढेल, ते आईबापावरनं कळतं."

मालकांनी तंबाखू खाली ठेवली. "बरोबर हाय पावणं! खोंड घेताना आमी पयली गाय बघतो."

मी म्हटलं, "अवं, जरा जीभ आवरा."

साहेब हसले. "वय कागदावर कमी लिहून आणतात हो लोक. त्याची पण खात्री करावी लागते."

"मग दात बघा की!"

"बघतो ना. डॉक्टरकडून दातच बघतो."

ह्यावर मालक उठून साहेबांच्या शेजारी जाऊन बसले. "माणूस जाणकार हाय," मला हळूच म्हणाले. मला वाटलं, जमलं. पण होकाराचं विचारलं की परत तेच. "बघू. जत्रा होऊ द्या. बैलं काय म्हणत्यात बघू." दुपार कलली. एसटी आमच्याकडं मर्जीनं येते, चुकली तर साहेबांचा मुक्काम. शेवटी ते उठले. धाकटा गोठ्यात बैलाच्या गळ्यात पडून बसला होता, बाहेरच येईना.

आम्ही साहेबांना फाट्यापर्यंत घालवायला गेलो. तिथं निम्मं गाव एसटीची वाट बघत उभं. आणि मालकांनी काय करावं? खांद्यावरचं उपरणं काढलं, साहेबांच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्यांची बोटं धरली.

बेल्ह्याच्या बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं बोलायचं नाही, बोटं दाबून मागणी सांगायची. समोरच्यानं हात मागं घेतला तर मोडलं. उलट दाबला तर ठरलं. मग त्यातनं फिरणाऱ्याला बाजारात कुणी तंबाखूसुद्धा देत नाही.

साहेबांना वाटलं, ही इकडची निरोपाची रीत असेल. त्यांनी भक्तिभावानं वरून दुसरा हात ठेवला आणि चांगला घट्ट दाबला. फाट्यावरची माणसं ओरडली, "झाला, झाला सौदा!" मालकांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा. एसटी आली, साहेब हात हलवत गेले.

घरी येताना मी विचारलं, "काय मागितलंत?"

"चार बोटं दाबली. पोळा, दिवाळी, संक्रांत आन् जत्रा, चारी येळंला पोरगं घरी. म्हनलं, एवढं कोन देतंय? हात काढील आन् जाईल मुकाट."

"आणि?"

"दोन्ही हातांनी दाबला गं त्यानं!"

सगळ्या गावानं बघितलेलं. धाकटा गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मालक धोतर-टोपी घालून मुंबईला क्लबात हजर. पुढचं धाकट्यानं सांगितलेलं. साहेब म्हणाले, "काका, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सामना आहे. असं कसं न्याल?"

"तुमी हात दाबलाय."

"कधी?"

धाकट्यानं लाजत लाजत सगळा प्रकार समजावला. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "आणा ते उपरणं." आणि उपरण्याखाली एक बोट दाबलं, म्हणजे चारांतला फक्त पोळा. मालकांनी लई वेळ विचार केला म्हणे. मैदानावरची पोरं खेळ थांबवून बघत उभी. मग मालकांनी उलट दाबलं.

धाकटा एक दिवस आला. गार पाण्याला भिणाऱ्या माझ्या लेकानं धरणात छातीएवढ्या पाण्यात उभा राहून बैलं धुतली. शिंगं रंगवली आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. जत्रेत त्या वर्षी जू कसंबसं चढवलं, तर आमची बैलं घाटाच्या मध्यावर उभी राहून रवंथ करत होती. त्याच्यावर मी काही बोलत नाही, मला त्याच घरात राहायचंय.

पोरगं पुढं क्लबाकडनं खेळलं, थोडं मैदानात आणि बरंच बाकावर. आता तिथंच लहान पोरांना शिकवतं. पोळ्याला एक दिवस येतं, अजून. गोठा झाडतं आणि जातं.

परवा मालकांना मी म्हटलं, "बरं झालं ना, तुम्ही फसलात ते?"

गोठ्यातनंच म्हणाले, "बेल्ह्याच्या बाजारात केसं पांढरी झाली, मला एकानं गंडवलं न्हाई. गंडवलं ते ज्याला सौदाच कळत न्हवता त्यानं."