गेटवेचा रिकामा रकाना

माझे व्याही सिहोऱ्याहून बस धरून आले, ते माझ्या घरातलं काम करायला. मला ते अजूनही सहन होत नाही.

रांझीला आमच्या घराच्या समोरच्या खोलीत सुनेचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मी चौथी शिकलेला, सारी नोकरी कारखान्यात फिटर. घरात पंखा, पंप काही बिघडलं की हाक मलाच. मग रिटायर झाल्यावर व्याही कॉम्प्युटर शिकले, आणि सून येता-जाता "पप्पांना विचारते" म्हणू लागली.

म्हणून दुकानात कॅमेरे लागले तेव्हा त्यांची रेकॉर्डिंगची पेटी कॉम्प्युटरला मीच जोडली. इंटरनेटची वायर आधीपासून होती, ही दुसरी. दोन वायरी, दोन्हींचे नंबर वेगळे. कॅमेरेवाल्याने कागदावर दिलेला नंबर मी चष्मा लावून एकेक आकडा भरला. कॅमेरे दिसले.

"बघ," सुनेला म्हटलं, "सिहोऱ्याला फोन लावावा लागला का?"

पण इंटरनेट गेलं. बाकावर चार बाया फॉर्म घेऊन बसलेल्या. मी वायरी काढल्या, पुसल्या, परत खोचल्या.

"बाबूजी, राहू द्या. पप्पा निघालेत."

व्याही आले, पाणीसुद्धा न पिता बसले. कॅमेऱ्याची वायर उपटली, इंटरनेट आलं. लावली, गेलं. मग कॉम्प्युटरवर त्या वायरीच्या नंबराचं पान उघडून एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हा गेटवे. म्हणजे बाहेर जायचा दरवाजा. तो इंटरनेटच्या वायरीलाच पाहिजे. इथंबी भरला, म्हणून फॉर्म कॅमेऱ्याच्या पेटीकडे जाऊन राहिले. तिथून पुढं रस्ताच नाही."

"कोणी भरला?" सुनेनं विचारलं.

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कॅमेरेवाल्यानं भरला असंन," म्हणाले, आणि रकाना पुसला. लगेच पहिला फॉर्म गेला.

त्यांना कळलं होतं. त्यांच्या हुशारीपेक्षा हे पांघरूण घालणं मला जास्त झोंबलं. माझ्याच घरात मी यांच्या उपकाराखाली राहू?

"मी भरला," मी म्हणालो.

बाया हसल्या. सून हसली नाही. "काहून पण, बाबूजी?"

"रिकामा होता म्हणून. कारखान्यात कार्डावर एक रकाना रिकामा राहिला तर फोरमन कार्ड तोंडावर फेकायचा. मी पेटीचाच नंबर टाकून दिला."

"मला विचारायचं होतं ना."

"तू तुझ्या पप्पांना विचारलं असतंस."

एक बाई खुदकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"पहिल्यांदा मीबी भरलाच होता, व्याहीजी," व्याही हळूच बोलले. खरं की खोटं, त्यांनाच ठाऊक. मी विश्वास ठेवला नाही.

सून चहा ठेवायला आत गेली. त्यांच्या बसला वेळ होता. मी स्टूल ओढून त्यांच्या अगदी शेजारी बसलो.

"ते पान परत उघडा," म्हटलं. "पहिल्यापासून दाखवा. हळू."

शिकायची हौस नव्हती. पुढच्या वेळी त्यांना सिहोऱ्याहून यावं लागू नये, एवढंच.