मर्लचा हात

ओलेटा क्रँडल आमच्या शाळेच्या भटारखान्यात आयुष्यभर राबली. निम्मं गाव तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन मोठं झालं. "ताटात टाकलंस तर उद्या उपाशी ठेवीन" हा तिचा दम टक्कल पडलेल्या बाप्यांना अजून आठवतो. पण बाहेरगावच्या बसेस आमच्याकडे थांबतात त्या तिच्या पावासाठी नव्हे. त्यातल्या लोकांना 'दोर कापणाऱ्याची मुलगी' बघायची असते.

त्याचं असं झालं. ओलेटाचे वडील, ईनॉक, मिसूरी नदीवर 'तर' चालवायचे, म्हणजे दोराला धरून माणसं पलीकडे नेणारी मोठी होडी. एका पुरात तरीचा दोर तुटला आणि माणसं वाहून गेली. दोर तुटला, हे आम्ही सगळे जाणतो. त्याची झिजलेली टोकं माझ्या आजोबांनी हातात घेऊन पाहिली होती. पण आमच्या गावात एका वकिलाचा मुलगा लेखक निघाला. त्याच्या कादंबरीत नावाडी स्वतःचा जीव वाचवायला दोर चाकूने कापतो. कादंबरी गाजली, देशभर पोरांना शाळेत शिकवली जाऊ लागली. आम्ही त्या माणसाचं नाव घेत नाही, 'वकिलाचं पोरगं' म्हणतो. पुतळा मात्र उभारलाय त्याचा. बसेस येतात ना!

कादंबरीवर पहिला चित्रपट निघाला तो आमच्याच घाटावर. ओलेटा तेव्हा नऊ वर्षांची होती. नावाड्याचं काम करणारा नट त्यांच्याच घरी उतरला होता. सकाळपासून तो ईनॉकच्या मागे मागे त्यांच्यासारखाच चालायचा, आणि ओलेटा दोघांच्या मागून हसत जायची. ईनॉकना वाचता येत नव्हतं. पुस्तकात काय लिहिलंय हे त्यांना सांगण्याचा कुणालाच धीर झाला नाही. आपल्या कामावर चित्रपट निघतोय याचाच बिचाऱ्यांना आनंद! चित्रपट गावात यायच्या आत, त्याच हिवाळ्यात, ते गेले. पुढे घराला आग लागली आणि त्यांचे होते नव्हते ते फोटो जळाले.

दुसरा चित्रपट रंगीत. त्यात मिसूरीच्या मागे बर्फाचे डोंगर दिसतात. आमच्याकडे साधी टेकडी शोधायची तर गाडी काढावी लागते, त्यामुळे तो आम्ही पोट धरधरून हसत पाहिला.

दर ऑगस्टमध्ये चर्चच्या तळघरात सगळे घरून काहीबाही रांधून आणतात आणि जेवणं झाली की आमच्या गावचा मर्ल प्रोजेक्टरवरून भिंतीवर पहिला चित्रपट लावतो. गर्दीच्या दृश्यांत आमचीच माणसं आहेत. "ती बघ माझी आजी! टोपी बघ तिची!" असा गलका चालतो. नावाडी पडद्यावर यायची वेळ झाली की मर्ल आवाज बंद करतो आणि यंत्रासमोर पंजा धरतो. त्याआधी त्याचा बाप धरायचा. भिंत काळी होते, आम्ही मोठमोठ्याने पीकपाण्याच्या गप्पा मारतो, ओलेटा मागच्या टेबलाशी तिने आणलेली पीचची पाई, म्हणजे आत फळं भरून भाजलेली गोड पोळी, कापत राहते. हात निघाला की गप्पा बंद. याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. आम्ही फार भले लोक आहोत, असं आम्हाला वाटायचं.

यंदा वसंतात तिसरा चित्रपट आला. मी आणि ओलेटा तो बघायला मोठ्या गावी गेलो. त्यात तरीची होडी नाही, नावाडी नाही, नदीवर पहिल्यापासून पूल! परत येताना मी गाडी चालवता चालवता म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची!"

पेट्रोल पंपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "नेल्डा, इतके दिवस त्यांनी बाबांना वाईट केलं होतं. आता बाबा झालेच नव्हते, असं केलं."

"अगं, बरंच नाही का ते?"

"तुझ्याकडे तुझ्या बाबांचे फोटो आहेत. मला बाबांचा चेहरा आठवत नाही. चालणं आठवायचं, तेही आता धड आठवेना."

मी उतरले. गाडीत उगाचच पेट्रोल भरलं.

ऑगस्टमध्ये ओलेटाने पाई आणली, टेबलावर ठेवली आणि सुरी न उचलता पुढच्या खुर्चीत माझ्याशेजारी येऊन बसली. चित्रपट सुरू झाला. आज्या, टोप्या, गलका झाला. मग आवाज बंद झाला आणि भिंतीवर मर्लची बोटं आली.

"मर्ल, हात काढ," ओलेटा म्हणाली.

"अगं ओलेटा, तो भाग आहे..."

"कोणता भाग ते ठाऊक आहे मला. काढ."

मर्ल माझ्याकडे बघायला लागला. मला त्याचा असा संताप आला! "माझ्याकडे काय बघतोस? ती सांगतेय ना!"

हात निघाला. घाटावरून एक माणूस खाली येत होता. डावा पाय किंचित ओढत, खांदा एका बाजूला टाकून. दोराजवळ येऊन त्याने दोन्ही तळवे मांड्यांना पुसले.

"अगं बाई," ओलेटाने माझा दंड घट्ट धरला. "हात पुसले, नेल्डा! पाहिलंस? असेच पुसायचे. आई ओरडायची, विजारी खराब होतात म्हणून." ती हसत होती आणि नाक पुसत होती. मला रडू आवरेना. अख्खं गाव भिंतीकडे बघत होतं, आणि तो माणूस तिच्यासमोर घाटावर चालत होता, दोर तपासत होता, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत होता.

मग त्याने खिशात हात घातला.

"हं, आता धर हात, मर्ल," ओलेटा म्हणाली. "पुढचं त्या वकिलाच्या पोराचं आहे."