जहाजावरच्या जेवणाची साडी

सिस्टरांकडे कोणी धापा टाकत गेलं, रडत गेलं किंवा भांडायला गेलं, तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी बसा." बोट कापलेलं असो, नाहीतर सून माहेरी निघून गेलेली असो, माणूस बसेपर्यंत त्या काही ऐकून घेत नसत. माणूस बसलं की निम्मं दुखणंही बसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चाकणच्या एका कंपनीच्या दवाखान्यात सगळी नोकरी काढलेल्या बाईचं ते म्हणणं असल्यामुळे आम्ही वाद घालत नसू.

निवृत्त झाल्यावर त्या काळेवाडीत आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या, एकट्याच. मिस्टर आधीच गेलेले, मुलगी नागपूरला. दारावर नावाची पाटी होती, पण ते नाव घेताना मी कोणाला ऐकलं नाही. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना त्या सिस्टर. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये चिकटपट्ट्या आणि कात्री. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घेऊन नखं बघायची सवय. "रक्त कमी आहे तुमचं," असं त्या मला जिन्यात, लिफ्टमध्ये, एकदा तर बँकेच्या रांगेतही म्हणाल्या. मी चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी काही मान्य करत नाही. रिपोर्ट काढला. रक्त कमी होतं.

त्यांना "बघू" हा शब्द चालत नसे. बिल्डिंगच्या पायऱ्यांना उतार करून घ्यायचा विषय त्यांनी मीटिंगमध्ये काढला तेव्हा सगळे म्हणाले, बघू. सिस्टर म्हणाल्या, "बघू म्हणजे नाही. नाही म्हणायचं असेल तर तोंडानं नाही म्हणा, म्हणजे मला दुसरा रस्ता धरता येईल." तोंडानं नाही म्हणायची कोणाची तयारी नव्हती. उतार झाला. आता त्यावरून सगळ्यात जास्त जातात ते चेअरमनचेच वडील, व्हीलचेअरवरून.

आमची बायकांची भिशी आहे आणि भिशीची दरवर्षी एक सहल असते. सहलीचा कारभार शिंदेकाकूंकडे. त्या मूळच्या लातूरकडच्या, मिस्टर भोसरीला कामाला, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून बोलल्या तरी रिक्षावाला थांबतो. गणपतीपुळे झालं, महाबळेश्वर झालं, आणि एका वर्षी त्यांनी जहाज काढलं. मुंबईहून निघायचं, गोवा दाखवून परत मुंबई. सिस्टर एरवी कुठल्याच सहलीला येत नसत. त्या दिवशी मात्र यादी सुरू व्हायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी येणार."

मग ट्रॅव्हलवाल्यांचा मेसेज आला. पहिल्या रात्रीच्या जेवणाला स्मार्ट कॅज्युअल, दुसऱ्या रात्रीच्या जेवणाला फॉर्मल. हाफ पँट, गाऊन आणि रबरी चपला चालणार नाहीत.

"गाऊन चालणार नाही म्हणजे आपला घरातला मॅक्सी," रेश्मा म्हणाली. ती हिंजवडीला आयटीत आहे आणि आमच्यात सगळ्यात लहान. "त्यांचा तो लांब वेस्टर्न गाऊन चालतो."

"आन् स्मार्ट कॅज्युअल म्हंजे वो?" शिंदेकाकूंनी विचारलं.

"कॅज्युअलच. पण इस्त्री केलेलं."

"मंग सरळ इस्त्री करून या म्हनावं की. एवढं इंग्लिश कशापायी?"

फॉर्मलचा निकाल शिंदेकाकूंनी तिथेच लावला. सगळ्यांनी हिरवी पैठणी, नथ, गजरा. जहाजावरच्या लोकांना दिसू दे पिंपरी-चिंचवड. सगळ्यांनी माना हलवल्या. सिस्टर म्हणाल्या, "मी पांढरी नेसणार."

चहा आला आणि विषय बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांवर गेला.

विषय असा का वळला ते सांगायला हवं. रोज सिस्टर रंगीत सुती साड्या नेसत, कधी पंजाबी ड्रेस. पण कोणाचं लग्न, वास्तुशांत, बारसं असलं, आम्ही रेशमी काढलं, की सिस्टर पांढऱ्यात. त्या बौद्ध आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांच्या घरी जयंतीला आम्ही खीर खाल्ली होती. पण बायकांनी मनात जोड लावली ती वेगळीच. नवरा नाही, सणासमारंभाला पांढरं, म्हणजे बाई वैधव्य पाळते. दोन दिवसांनी शिंदेकाकूंकडे सिस्टरांना वगळून बैठक झाली आणि असं ठरलं की त्यांना हिरवी पैठणी भेट द्यायची, तीही जहाजावर, ऐन वेळी, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. ज्या बाईपुढे चेअरमनचा इलाज चालला नाही तिच्याबाबतीत हा बेत मला कच्चा वाटला. मी म्हटलं, आधी त्यांना विचारा तरी. "इचारलं तर नगं म्हन्तील," शिंदेकाकू म्हणाल्या. हेही खरं होतं.

जहाजावर माझी आणि सिस्टरांची खोली एक होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बॅगेच्या तळातून मलमलीत गुंडाळलेली एक साडी काढली. पांढरी, बारीक निळ्या किनारीची. घड्यांवर पिवळट झाक आली होती. त्यांनी ती खोलीतल्या छोट्या इस्त्रीने सावकाश दाबली, नेसल्या, पदराला पिन लावली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. एरवी त्या आरशात केसांपुरतं बघत. त्या दिवशी पायांपर्यंत बघितलं.

तेवढ्यात दार वाजलं. शिंदेकाकू आणि रेश्मा, काकूंच्या हातात पैठणीचा खोका. काकू हिरव्यागार, नथ, गजरा, सगळं. सिस्टरांना नेसलेलं बघून त्यांचा चेहरा पडला, पण त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. खोका त्यांनी सिस्टरांच्या हातात दिला. "आमा सगळ्यांकडून. ही नेसा. आन् पांढरं सोडा आता. त्यो काळ गेला वो, सिस्टर. कुनी काय म्हननार न्हाई तुमाला."

सिस्टरांनी खोका बाजूला ठेवला. आमचा सगळा बेत त्यांच्या तेव्हा लक्षात आला असावा.

"आधी बसा," त्या म्हणाल्या.

त्या दोघी पलंगावर बसल्या. मी बसलेलीच होते.

"ही माझ्या लग्नातली साडी आहे," सिस्टर म्हणाल्या. "आमच्यात नवरी पांढरी नेसते. नवराही पांढऱ्यातच असतो. लग्नाला पांढरं, जयंतीला पांढरं, चांगल्या दिवसाला पांढरं. मी काही पाळत नाही. मी सजलेय."

रेश्मा हळूच "ओह" म्हणाली आणि खाली बघू लागली.

"आमचे हे पिंपरीला एका कंपनीत लेथवर होते. जहाजाच्या पंपाला लागणारे व्हॉल्व्ह करायचे. जन्मभर तेच केलं आणि जहाज कधी पाहिलं नाही. रिटायर झालो की जहाजावर जायचं, तिथं टेबलावर बसून जेवायचं, आणि लग्नातले कपडे घालून जेवायचं, असं आमचं ठरलं होतं. त्यांचं राहिलं. माझं मी राहू देणार नाही."

"मंग आमाला आधी का न्हाई सांगितलं?" काकूंचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता होता.

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही ठरवलंत."

शिंदेकाकू नथ काढून हातात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "माजी आई लई लवकर रंडकी झाली. समदा जल्म पांढऱ्या लुगड्यात काढला तिनं. मला पांढरं बगवतच न्हाई. तुमाला बगितलं की तीच दिसती."

सिस्टर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "तुमच्या आईला लोकांनी नेसवलं. मी माझ्या हातानं नेसलेय. नीट बघा माझ्याकडे. एकदा बघून घ्या, म्हणजे सवय होईल."

काकूंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून त्यांनी स्वतःच्या गजऱ्यातला अर्धा तोडला आणि विचारलं, "गजरा चालतो का तुमच्यात?"

"न चालायला काय झालं? लावा."

जेवणाच्या हॉलच्या दारात आम्हाला अडवलं गेलंच, पण साडीवरून नाही. तिथला मुलगा नम्रपणे शिंदेकाकूंच्या पायांकडे बोट दाखवत होता. नव्या सँडलने टाच सोलली म्हणून काकूंनी पैठणीखाली घरच्या रबरी चपला घातल्या होत्या. मेसेजमध्ये चालणार नाही म्हणून लिहिलेली नेमकी तीच वस्तू.

"साडीखाली कुनाला दिसतंय वाटलं मला," काकू पुटपुटल्या.

सिस्टरांनी त्यांना दारातल्या खुर्चीवर बसवलं, टाच बघितली, पर्समधून पट्टी काढून लावली आणि स्वतःचे कॅनव्हासचे बूट सोडून त्यांच्या पायात चढवले. सिस्टरांसाठी काकूंचे सँडल घेऊन यायला रेश्मा खोलीवर पळाली. अशा रीतीने हिरव्या पैठणीखाली पांढरे बूट आणि पांढऱ्या साडीखाली सोनेरी सँडल अशा दोघी हातात हात घालून आत गेल्या. बुटांना कोणी हरकत घेतली नाही.

जेवणात काय होतं ते आता मला नीटसं आठवत नाही. सूप कोमट होतं आणि चमचे गरजेपेक्षा जास्त होते. आठवतं ते असं. सगळ्या फोटो काढत असताना सिस्टरांनी टेबलावरचा कपडा जरा सारला आणि लाकडावर तळहात ठेवला. जहाजाची घरघर टेबलात येत होती, अगदी बारीक. पेशंटची नाडी बघताना धरावा तसा त्यांनी हात तिथेच ठेवला आणि मान किंचित कलती करून लक्ष दिलं.

"चालू आहे," त्या म्हणाल्या, आणि मग जेवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मुंबईला उतरायचं होतं. सकाळी सगळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, केस कसेतरी बांधलेले, बॅगा ओढत निघालेल्या. सिस्टर खोलीतून बाहेर आल्या त्या हिरव्या पैठणीत, पायात पुन्हा कॅनव्हासचे बूट. शिंदेकाकू बघतच राहिल्या.

"आज? उतरताना?"

"काल माझं होतं. आज तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मात्र रंग मला विचारून घ्या. हिरवा मला कधीच शोभला नाही."

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना नागपूरला नेलं. जाताना त्या दवाखान्यातून निघाल्यासारख्या निघाल्या, ज्याचं त्याला सांगून. मला म्हणाल्या, रक्त तपासत जा. चेअरमनना म्हणाल्या, उताराला कठडा राहिलाय. शिंदेकाकूंचा फक्त हात हातात घेतला, नेहमीसारखी नखं बघितली आणि सोडायला उशीर केला. कठडा महिन्याभरात झाला. मी मीटिंगमध्ये उभी राहून विचारलं होतं, हो की नाही ते सांगा, "बघू" नको.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं, चिंचवडला. सिस्टर नागपूरहून आल्या, काठी टेकत. अंगावर तीच निळ्या किनारीची साडी. वधूवरांना ओवाळायला पहिल्या त्या येतील असं मी आधीच ठरवून सगळ्यांना सांगितलं होतं, आणि कोणी बदलायला लावलं असतं तरी बदललं नसतं. त्या मांडवाच्या मधल्या वाटेने सावकाश पुढे यायला लागल्या तशा व्याह्यांकडच्या एक मावशी लगबगीने माझ्याकडे आल्या.

"अहो, त्या पांढऱ्या साडीतल्या बाई कोण? सगळ्यात आधी त्यांनाच कशाला..."

मी तोंड उघडायच्या आत मागून शिंदेकाकू आल्या. एका हाताने त्यांनी खुर्ची ओढली आणि दुसरा हात मावशींच्या खांद्यावर ठेवला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "आदी बसा."

मावशी बसल्या. तोवर सिस्टर स्टेजवर पोचून ताट हातात घेऊन उभ्या होत्या.